मुलींची मॅच टीव्हीवर आली की पैसा कुठून कुठे जातो आणि घरात काय बदलतं

२ नोव्हेंबर २०२५ ला रात्री डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये कॅप्टन हरमनप्रीतने मागे पळत जाऊन तो शेवटचा कॅच घेतला, भारताने साउथ आफ्रिकेला ५२ रन्सनी हरवलं, आणि पुढचा आठवडाभर आपल्या सगळ्यांच्या फोनवर नुसते आकडे फिरत होते. बीसीसीआयचे ५१ कोटी. आयसीसीचं बक्षीस ४४ लाख ८० हजार डॉलर, म्हणजे चाळीस कोटींच्या आसपास. महाराष्ट्र सरकारकडून स्मृती मानधना, जेमिमा रॉड्रिग्ज आणि राधा यादवला प्रत्येकी सव्वादोन कोटी. आणि प्रत्येक फॉरवर्डच्या खाली ठरलेल्या कॉमेंट. एक म्हणणार, आता झाली ना समानता, मिळाले ना पैसे. दुसरा म्हणणार, कमावतात मुलं आणि वाटतात मुलींना. तिसऱ्याचं वेगळंच, चार दिवस नाचतील सगळे मग कोण बघतंय.

तिघांच्याही बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की आधी खेळ लोकांना आवडतो, मग तो टीव्हीवर येतो, मग पैसा येतो. मला वाटतं हा क्रम उलटा लागलाय, निदान मुलींच्या खेळात तरी. कॅमेरा शेवटी येत नाही, तो आधी यावा लागतो. हे कसं ते समजायला आधी थोडं पैशाचं गणित बघू, सोपं आहे.

मीडिया राइट्स म्हणजे नेमकं काय विकतात?

मॅच दाखवण्याचा हक्क. बस एवढंच. बोर्ड टेंडर काढतं, चॅनल आणि अॅपवाले बोली लावतात, जो जिंकेल त्याने ठरलेली वर्षं त्या मॅच दाखवायच्या, मधे जाहिराती विकायच्या आणि आपले पैसे वसूल करायचे. याला मीडिया राइट्स म्हणतात. तिकिटं, टी-शर्ट, स्पॉन्सर हे सगळं आहेच, पण क्रिकेटची चूल पेटते ती राइट्सवर.

आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे राइट्स गेले ४८,३९० कोटींना. मुलींच्या लीगचे, म्हणजे डब्ल्यूपीएलचे, त्याच पाच वर्षांचे गेले ९५१ कोटींना, म्हणजे एका मॅचचे ७ कोटी ९ लाख. आयपीएलची एक मॅच पडते साधारण ११८ कोटींना. फरक बघून तुम्ही म्हणाल, बघा, हीच तर लायकी. थांबा जरा. डब्ल्यूपीएलची ही बोली लागली जानेवारी २०२३ मध्ये, तोपर्यंत लीगचा एकही बॉल पडला नव्हता, टीम नव्हत्या, ऑक्शन व्हायचं होतं. न पाहिलेल्या मालाचे ९५१ कोटी आले. आणि पाच टीम विकल्या गेल्या त्याचे वेगळे जवळपास ४,६७० कोटी.

हा पैसा खाली कसा झिरपतो? त्याआधी बीसीसीआयच्या सगळ्यात वरच्या ग्रेडच्या महिला खेळाडूला वर्षाचे ५० लाख मिळायचे. फेब्रुवारी २०२३ च्या पहिल्या ऑक्शनमध्ये सांगलीच्या स्मृतीवर बोली थांबली ३ कोटी ४० लाखांवर, तीन-साडेतीन आठवड्यांच्या स्पर्धेसाठी. बरं ती स्टार आहे, ते सोडा. डिसेंबर २०२४ च्या ऑक्शनमध्ये धारावीची सिमरन शेख आली, बेस प्राइस १० लाख, आणि गुजरातने तिला १ कोटी ९० लाखांना घेतलं. धारावीतल्या घरात १ कोटी ९० लाख. ती तेव्हा इंडियाकडून खेळलेलीसुद्धा नव्हती.

मग आधी का नव्हता हा पैसा?

आडवळणाच्या गावाचं आणि एसटी डेपोचं भांडण माहितीये ना? गावकरी म्हणतात गाडी सोडा, डेपो मॅनेजर म्हणतो प्रवासी नाहीत. गाडी असते दिवसातून एक, तीही दुपारी अडीचला, कधी येते कधी नाही, साहजिकच लोक वडापने जातात आणि मॅनेजर रजिस्टर उघडून दाखवतो की बघा, रिकामी जाते. त्याचं रजिस्टर खोटं नसतं. पण ते रजिस्टर गाडीच्या वेळेनेच तयार केलेलं असतं.

मुलींच्या क्रिकेटचं चाळीस-पन्नास वर्षं हेच चाललं. गंमत म्हणजे वर्ल्ड कप आधी बायकांचा झाला, १९७३ मध्ये, पुरुषांचा दोन वर्षांनी. आपल्याकडेही त्याच वर्षी विमेन्स क्रिकेट असोसिएशन निघाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली, तीन टीम होत्या फक्त, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७८ चा वर्ल्ड कप तर भारतातच झाला. हे आपल्यातल्या किती जणांना माहीत होतं? डायना एदुलजी, शांता रंगास्वामी या पिढीने अनरिझर्व्ह्ड डब्यातून प्रवास केले, डॉर्मिटरीत जमिनीवर गाद्या टाकून झोपल्या, हे त्यांनी पुढे कितीदा सांगितलंय. बीसीसीआयने महिला क्रिकेट आपल्याकडे घेतलं थेट २००६ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, २००५ ला, आपण वर्ल्ड कपची फायनल खेळून आलो होतो, आणि तरी गल्लीत कोणाला पत्ता नव्हता.

२०१३ मध्ये स्मृतीने महाराष्ट्राकडून अंडर-१९ च्या वनडेत गुजरातविरुद्ध नाबाद २२४ केले. भारतातल्या मुलीने वनडे मॅचमध्ये केलेली पहिली डबल सेंच्युरी. टीव्हीवर नव्हती. २०१७ मध्ये जेमिमाने औरंगाबादला सौराष्ट्रविरुद्ध नाबाद २०२ मारले, तेही टीव्हीवर नव्हते. म्हणजे गुणवत्ता नव्हती म्हणून कॅमेरा आला नाही, असं म्हणायची सोयच नाही.

आणि २०१७ चा वर्ल्ड कप घ्या, जिथून आपल्याकडे खरी सुरुवात झाली असं सगळे म्हणतात. त्यातल्या ३१ मॅचपैकी टीव्हीवर होत्या १०, बाकीच्या फक्त नेटवर, आणि डीआरएससुद्धा टीव्हीवरच्या मॅचनाच. म्हणजे तुमची मॅच टीव्हीवर नसेल तर अंपायरचा चुकलेला निर्णयसुद्धा बदलून मागता येत नाही! सेमीफायनल टीव्हीवर होती, आणि त्याच दिवशी हरमनप्रीतने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ मारले. लॉर्ड्सची फायनल आपण ९ रन्सनी हरलो पण त्या एका आठवड्यात मुलींच्या क्रिकेटला प्रेक्षक मिळाला. तोच डाव एखाद्या नेटवरच्या लीग मॅचमध्ये झाला असता तर? स्कोअरकार्डावर एक ओळ, बाकी काही नाही.

आणखी एक भानगड होती, बंडलिंगची. मुलांच्या मॅचचे राइट्स विकताना मुलींच्या मॅच त्यातच घालून द्यायच्या, वेगळी किंमत न लावता. चॅनलला ते जवळपास फुकट पडतं, आणि फुकट आलेल्या गोष्टीची जाहिरात कोण करणार, प्राइम टाइम कोण देणार, चांगले कॅमेरे कोण लावणार? मग बघणारे कमी, आणि पुढच्या वेळी टेंडरला तोच कमी आकडा पुरावा म्हणून हजर. आयसीसीने २०२२ मध्ये पहिल्यांदा महिलांच्या स्पर्धांचे राइट्स वेगळे विकायला काढले. वेगळं काढलं की पहिल्यांदा कळतं, याची स्वतःची किंमत काय आहे.

"लोकच बघत नाहीत हो, जबरदस्तीने दाखवणार का?"

हा प्रश्न रास्त आहे, त्यामुळे उत्तरही नीट देऊ.

इंग्लंडमधली गोष्ट. २६ डिसेंबर १९२०, लिव्हरपूलचं गुडिसन पार्क, बायकांची फुटबॉल मॅच, एका बाजूला डिक कर कारखान्यातल्या कामगार मुलींची टीम. बघायला आले साधारण ५३ हजार लोक, आणि बाहेर हजारो राहिले ते वेगळेच. मग काय व्हायला हवं होतं? झालं असं की वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांच्या जातीला योग्य नाही म्हणून आपल्या क्लबच्या मैदानांवर बायकांच्या मॅच बंद केल्या. बंदी उठायला पन्नास वर्षं लागली. पन्नास वर्षं मैदान नाही द्यायचं आणि एकावन्नाव्या वर्षी म्हणायचं, बायकांच्या फुटबॉलला कुठेय प्रेक्षक!

आपल्याकडचं ताजं बघायचं तर जिओहॉटस्टारने दिलेल्या आकड्यानुसार २०२५ ची फायनल त्यांच्या अॅपवर १८ कोटी ५० लाख लोकांनी बघितली, म्हणजे रोहितच्या टीमने २०२४ ला टी-२० वर्ल्ड कप जिंकला त्या फायनलइतकेच. अर्थात इथे एक सावधगिरी. या आकड्याला रीच म्हणतात, म्हणजे थोडा वेळ जरी अॅप उघडून मॅच लावली तरी तुम्ही त्यात मोजले जाता. कोण शेवटपर्यंत बसलं ते यातून कळत नाही. चॅनलवाले नेहमी रीच सांगतात कारण तो आकडा दिसायला मोठा असतो. पण मुलांच्या मॅचचा आकडाही याच पद्धतीने मोजलेला असतो ना, मग तुलना करायला हरकत नाही.

लोक का बघायला लागले याचं कारण साधं आहे. वेळ बरी होती, मॅच भारतात होत्या, लीग मॅचची तिकिटं १०० रुपयांपासून होती, आणि नावं ओळखीची होती. हे शेवटचं महत्त्वाचं. तीन सीझन डब्ल्यूपीएल बघून घरात आजीलासुद्धा दीप्ती, शफाली, रिचा माहीत झाल्या होत्या. खेळाडू ओळखीची झाली की मग मॅच बघितली जाते, अनोळखी अकरा जणींची मॅच मुलांचीही असती तरी कोणी बघितली नसती.

"पण मुलींचा गेम स्लो असतो, तो फरक तर राहणारच"

राहील. मग? कुस्तीत ५७ किलोचा पैलवान ९७ किलोवाल्यापुढे टिकणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ५७ ची कुस्ती बघताना कोणी उठून जातं का? बघायची असते ती बरोबरीच्यांची झुंज. ३० ऑक्टोबरची ती सेमीफायनल आठवा, ऑस्ट्रेलियाने ३३८ केलेले, आपण दोन विकेट लवकर घालवलेल्या, आणि जेमिमा नाबाद १२७ करून उभी राहिली ती शेवटपर्यंत. बॉलिंग ताशी १४० ने नव्हती, ११५ ने होती. आमच्याकडे त्या रात्री जेवणं वाढून ठेवली होती आणि कोणी ताटावर बसत नव्हतं, वरण दोनदा गरम केलं.

सेम पगार झाला म्हणतात, तो खरंच झाला का?

अर्धा झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयने जाहीर केलं की मॅच फी सारखी, टेस्टला १५ लाख, वनडेला ६ लाख, टी-२० ला ३ लाख, मुलगा असो वा मुलगी. बातमीचं हेडिंग आलं 'समान वेतन' आणि तिथेच घोळ झाला. मॅच फी म्हणजे खेळलेल्या मॅचचे पैसे. त्याशिवाय वार्षिक करार असतो तो वेगळा, आणि तिथे २०२४-२५ च्या यादीत मुलांची वरची ग्रेड ७ कोटींची होती, मुलींची ५० लाखांची. शिवाय फी सारखी असली तरी मॅचची संख्या सारखी नाही, मुली टेस्ट खेळतात वर्षाकाठी एखादी, तीही झाली तर. १५ लाख सारखेच, पण ते मिळणार कधी?

मग ती कॉमेंट, की कमावतात मुलं, यांना का वाटायचे. मी उलटा प्रश्न विचारते. रणजी ट्रॉफी कमावते का? स्टँड रिकामे असतात, नागपूरला नाहीतर राजकोटला चार दिवस मॅच चालते आणि कावळे बघतात. तरी आपण रणजी आयपीएलच्या पैशावर चालवतो आणि चालवायलाच पाहिजे, कारण उद्याचे खेळाडू तिथूनच येतात. तिथे कोणी म्हणत नाही की जेवढं कमवाल तेवढंच खा. मुलींच्या सिनियर डोमेस्टिकमध्ये, म्हणजे देशातल्या देशात होणाऱ्या स्पर्धांत, मॅच खेळणाऱ्या मुलीला दिवसाला २० हजार मिळायचे, वर्ल्ड कपनंतर डिसेंबर २०२५ मध्ये ते ५० हजार झाले. मला विचाराल तर ५१ कोटींपेक्षा ही बातमी मोठी, पण ती एका कोपऱ्यात आली. बक्षीस मिळतं जिंकलेल्यांना. ५० हजार मिळणार त्या शेकडो मुलींना ज्या कधीच इंडियाकडून खेळणार नाहीत, आणि त्यांच्याच जोरावर खेळ उभा राहतो.

या सगळ्यातून माझ्या-तुमच्या घरातल्या मुलीचं काय होतं?

इथे मला जरा थांबायचंय, कारण सक्षमीकरण वगैरे शब्द आपण फार वापरतो आणि ते नेमकं कुठे घडतं हे बघत नाही.

आमच्या इथल्या ग्राउंडवर मुलींच्या बॅचची वेळ दुपारी साडेतीनची, कारण पाचनंतर नेट मुलांचं. एप्रिलमध्ये साडेतीनला मॅटवर उभं राहून बघा एकदा. कपडे बदलायला जागा नाही, मुली घरूनच ट्रॅकपँट घालून येतात, आणि टॉयलेट आहे त्याची किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला. कित्येक मुली तिथे पाणीच पीत नाहीत, जायला लागेल म्हणून. बारा-तेरा वर्षांपर्यंत मुली येतात आणि मग एकेक गळायला लागते. कारणं कधी भांडणाची नसतात. पाळी सुरू झाली, दहावीचा क्लास लागला, चेहरा काळा पडला, अंधार पडतो, लोक काय म्हणतील. आई-बाबा वाईट नसतात हो. त्यांच्यासमोर प्रश्न एवढाच असतो की हे सगळं सोसून शेवटी होणार काय हिचं? मुलाच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर शंभर वेळा टीव्हीवर दिसलेलं असतं. मुलीच्या बाबतीत दिसलेलंच नसतं.

त्या ग्राउंडवरचे कोच सांगतात, पूर्वी मुलीला घेऊन आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न असायचा, सुटते किती वाजता. वर्ल्ड कपनंतर आलेले विचारतात, लेदर बॉल कधीपासून. कोच यावर वैतागतात, कारण सहा वर्षांच्या पोरीला लेदर बॉल कसला द्यायचा, पण बदल झाला तो इथे झाला. टीव्हीने मुलीला प्रेरणा दिली असं आपण म्हणतो, मला वाटतं प्रेरणा मुलीला आधीपासून असते. टीव्ही तिच्या घरच्यांना पटवतो. सोफ्यावर बसलेल्या काकांना पटवतो. आणि आमच्याकडे परवानगी तिथूनच यायची असते.

दुसरी गोष्ट नोकरीची. भारतातल्या महिला क्रिकेटला इतकी वर्षं जगवलं कोणी, तर रेल्वेने, नोकऱ्या देऊन. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे ग्रेस मार्क आहेत, हे सगळं कागदावर आहे पण किती घरांत माहीत आहे? ही माहिती देणं हेसुद्धा मीडियाचंच काम, आणि तिथे सगळी पाटी कोरी. कोणाला किती कोटी मिळाले ते आठ दिवस चालतं. फॉर्म कुठे भरायचा ते कोणी सांगत नाही.

"हे सगळं क्रिकेटचं झालं, बाकीच्यांचं काय?"

बरोबर पकडलंत. आता कबड्डी बघा. मुलांची प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली आणि घराघरात पोचली. २०१६ मध्ये त्याच स्पर्धेच्या सोबतीने मुलींची छोटी स्पर्धा घेतली, तीन टीम, आपली अभिलाषा म्हात्रे त्यातल्या एकीची कॅप्टन, फायनल एका गुणाने लागली, बघायला मजा आली. पुढच्या वर्षी नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि या मधल्या काळात आपल्या कबड्डीच्या मुली एशियन गेम्सचं गोल्ड घेऊन आल्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात वर्ल्ड कप जिंकला, क्रिकेटचा जल्लोष अजून चालू होता तेव्हाच. किती जणांनी फायनल बघितली? एसटी एकदा सोडून बघितली, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि रूट बंद. एका वर्षात कुठला रूट भरतो?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, प्रियांका इंगळेच्या कॅप्टनशिपखाली मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवून तो जिंकला. खो-खो म्हणजे आपल्या शाळाशाळांतला खेळ, मुलींना घरून सहज परवानगी असलेला. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर खो-खोनेच सुरुवात करून पुढे रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीची, फायनल धावली, दहावी आली, पी. टी. उषानंतर ट्रॅकवर ऑलिंपिक फायनल गाठलेली पहिली भारतीय बाई. साताऱ्याची आदिती स्वामी १७ व्या वर्षी बर्लिनला तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाली, नागपूरची दिव्या देशमुख १९ व्या वर्षी बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप घेऊन आली. सगळ्या आपल्याकडच्या. यांना मीडियाने दाखवलं नाही असं नाही, दाखवलं, विमानतळावर उतरल्यावर, पेढा भरवताना. खेळताना दाखवलं नाही. पेढ्याच्या फोटोने कौतुक होतं, पण ओळख होते ती हरताना-जिंकताना बघून, आणि राइट्सही मॅचचेच विकले जातात, पेढ्याचे नाही.

दाखवतात, पण काय दाखवतात?

याबद्दल फार लांबण लावत नाही. २०१७ च्या वर्ल्ड कपआधी आपली कॅप्टन मिताली राज हिला पत्रकाराने विचारलं, तुझा आवडता पुरुष क्रिकेटर कोण, तिने त्यालाच विचारलं की हा प्रश्न तुम्ही पुरुष खेळाडूला विचारता का, आवडती महिला क्रिकेटर कोण म्हणून. सानिया मिर्झाला टेनिसच्या डबल्समध्ये नंबर वन असताना विचारलं, सेटल कधी होणार. पॅरिस ऑलिंपिकला प्रक्षेपणाच्या प्रमुखांनी कॅमेरामनना मुद्दाम सूचना दिल्या की पुरुष खेळाडूचं जसं शूटिंग करता तसंच बाईचं करा, उगाच क्लोजअप नको. म्हणजे २०२४ मध्येसुद्धा हे सांगावं लागलं.

आणि आपल्याकडे वर्ल्ड कप जिंकून महिना व्हायच्या आत सांगलीत कॅमेऱ्यांची गर्दी झाली ती स्मृतीच्या बॅटिंगसाठी नव्हती, तिच्या लग्नाच्या बातमीसाठी होती. बातमी होती हे मान्य, पण त्या दोन आठवड्यांत तिच्या खाजगी आयुष्यावर जितके तास खर्च झाले तितके तिच्या कव्हर ड्राइव्हवर कधी झाले होते का? प्रसिद्धीची ही किंमत मुलींना जास्त पडते, आणि ज्या घरात 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न आहे तिथे ही असली कव्हरेज बघून परवानगी परत मागे घेतली जाते, हेही खरंय.

यावर एक उपाय म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे आणि माइकसमोर बायका असणं. नवी मुंबईची वृंदा राठी आधी स्कोअरर होती, मग अंपायर झाली, आता टेस्टला उभी राहते. खेळ सुटला म्हणजे मैदान सुटलं असं नाही, स्कोअरिंग, अंपायरिंग, व्हिडिओ अॅनालिसिस, कॉमेंट्री, फोटोग्राफी, हे सगळे पोटापाण्याचे उद्योग आहेत आणि स्ट्रीमिंग वाढेल तसे वाढणार आहेत. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचा स्वतःचा कम्युनिटी रेडिओ आहे, म्हणजे गावापुरतं चालणारं छोटं रेडिओ स्टेशन, आणि त्याच संस्थेचा मुलामुलींसाठी खेळाचा कार्यक्रमही आहे. दुष्काळी पट्ट्यात या दोन गोष्टी एकाच छपराखाली असणं मला फार हुशारीचं वाटतं. तालुक्याच्या मॅचला जिओहॉटस्टार येणार नाही, पण गावचा रेडिओ नाव घेऊ शकतो, अमक्याच्या मुलीने पाच गडी बाद केले. आणि ते पारावर ऐकू जातं.

आता पुढे कुठे लक्ष ठेवायचं?

२०२७ वर. डब्ल्यूपीएलचा करार त्या सीझनला संपतो. आयपीएलचा त्याच वर्षी संपतो. आयसीसीचा भारतातला करार २०२७ पर्यंत, बीसीसीआयच्या घरच्या मॅचचा मार्च २०२८ पर्यंत. म्हणजे सगळ्याच गोष्टी एकदम बाजारात येणार. आणि २०२३ मध्ये समोरासमोर बोली लावणारे वायाकॉम१८ आणि डिस्ने स्टार नोव्हेंबर २०२४ मध्ये एकत्र आले, आता ते जिओस्टार. मोठा गिऱ्हाईक एकच उरला तर बोली चढवणार कोण? आणि एवढे सगळे राइट्स एकाच वेळी विकायचे असतील तर मुलींचे परत मुलांच्याच गठ्ठ्यात घालून मोकळं व्हायचा मोह बोर्डाला होणारच, टेंडर लवकर उरकतं.

तेव्हा त्या वेळी हेडलाइनमध्ये काहीतरी हजारो कोटींचा आकडा येईल, तो वाचून पुढे जाऊ नका. मुलींच्या मॅचची किंमत वेगळी लिहिली आहे का ते बघा, एका मॅचचे ७ कोटी ९ लाख होते ते किती झाले ते बघा, आणि डोमेस्टिक मॅच दाखवायची अट घातली आहे की नाही ते बघा. अट नसेल तर पुढची नाबाद २२४ पण कोणी बघणार नाही.